हिवाळ्याची वाट बघणारं घोडदळ

कापूसकोंडा

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून आग्नेयेला निघालं की तीनेक तासांनी ईड्स नावाचं गाव येतं. पेट्रोल, पाणी, बाकीचे विधी सगळं तिथेच उरकून घ्यायचं, कारण पुढे नुसतं गवत आणि वारा. ९६ नंबरच्या रस्त्याने पूर्वेला थोडं गेलं की पाटी दिसते : चिव्हिंग्टन. गाव जवळपास ओसाड आहे. तिथे डावीकडे कच्च्या रस्त्याला लागायचं आणि सँड क्रीक गाठायचं. ज्या कर्नलने तिथे कत्तल केली, त्याच्याच नावाच्या पाटीपाशी वळून ती जागा बघायला जायचं! मी पाटीपाशी गाडी थांबवली, फोटो काढावा का ते ठरेना, शेवटी न काढताच पुढे गेले.

टेकाडावरून खाली ओढ्याचं वळण दिसतं. नोव्हेंबरात पाणी नव्हतं, वाळू आणि पानं झडलेली कॉटनवूडची झाडं तेवढी होती. ओढ्यात उतरू देत नाहीत, शायॅन आणि अरापाहो या मूळनिवासी (अमेरिकन इंडियन) टोळ्यांच्या लोकांसाठी ती पवित्र जागा आहे. १९५० साली तिथे बसवलेल्या दगडावर 'बॅटल ग्राउंड' कोरलंय. रणभूमी म्हणे. २००७ साली ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून उघडली तेव्हा मात्र अधिकृत नावातच 'मॅसकर', म्हणजे कत्तल, हा शब्द घेतला.

(नावाचा उच्चार 'शाय-ॲन' असा आहे, मी शायॅन लिहिते. ते नावही शेजारच्या डकोटांनी ठेवलेलं. स्वतःच्या भाषेत ते त्सित्सिस्तास.)

धागा काढायचं कारण असं की घरी आल्यावर मी तारखा एकाखाली एक लिहिल्या. सँड क्रीक, २९ नोव्हेंबर १८६४. वॉशिटा, २७ नोव्हेंबर १८६८. पावडर नदीचा रेड फोर्क, २५ नोव्हेंबर १८७६. फोर्ट रॉबिन्सन, ९ जानेवारी १८७९. सगळं ऐन थंडीत. त्यातले पहिले तीन हल्ले तर पहाटे, आणि सैन्यावर नव्हे तर वस्तीवर.

हा योगायोग नाही. उन्हाळ्यात शायॅन हाताला लागतच नसत. १८६७ च्या वसंतात जनरल हॅनकॉक सुमारे १४०० माणसं घेऊन कॅन्ससात उतरला. पॉनी फोर्कवरच्या वस्तीतल्या लोकांनी एवढं सैन्य येताना पाहिलं, सँड क्रीक आठवलं, आणि तंबू तसेच उभे ठेवून रातोरात पसार झाले. हॅनकॉकने ते रिकामे तंबू जाळले. मग त्याच्या घोडदळाचा अधिकारी कस्टर याने उन्हाळाभर मैदानं तुडवली, पण हाती काही लागलं नाही.

हिवाळ्यात गणित उलटं होतं. शायॅनांची तट्टं गवतावर जगायची, बर्फ पडला की त्यांची हाडं वर यायची. घोडदळाच्या घोड्यांसाठी मात्र मागून गाड्यांतून मका आणि ओट्स येत. वस्त्या नदीकाठी, झाडांच्या आडोशाला, महिनोन्महिने एका जागी. वाळवलेलं मांस, बायसनची कातडी, तंबू, तट्टं असा सगळा संसार तिथे. माणसं निसटली तरी हरकत नाही, संसार जाळला की उरलेलं काम थंडी करते. जनरल शेरिडनने १८६८ मध्ये हे धोरण उघडपणे राबवलं, तीन बाजूंनी तीन फौजा सोडल्या.

या सगळ्यात ब्लॅक केटल नावाचा म्होरक्या दोनदा सापडला. आयुष्यभर तह करा म्हणणारा माणूस. सप्टेंबर १८६४ मध्ये डेन्व्हरजवळच्या कँप वेल्डवर जाऊन कोलोरॅडोचा गव्हर्नर इव्हान्स आणि कर्नल चिव्हिंग्टन यांना भेटला. फोर्ट लायन या लष्करी ठाण्याच्या आसऱ्याने राहा, असं कळल्यावर लोकांना घेऊन सँड क्रीकला उतरला. त्या पहाटे सुमारे ६७५ घोडेस्वार आणि चार तोफा आल्या तेव्हा त्याने तंबूवर अमेरिकेचा झेंडा आणि पांढरं निशाण चढवलं, लोकांना म्हणाला घाबरू नका. सुमारे २३० माणसं मारली गेली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. त्याच्या बायकोला नऊ जखमा झाल्या, तरी ती वाचली.

चार वर्षांनी, नोव्हेंबर १८६८ मध्ये, तो फोर्ट कॉबला कर्नल हेझनकडे आसरा मागायला गेला. हेझन म्हणाला, तह करायचा अधिकार माझ्याकडे नाही, शेरिडनला भेटा. ब्लॅक केटल बर्फातून वॉशिटाकाठी परतला २६ च्या सुमारास. २७ च्या पहाटे कस्टरच्या बँडने 'गॅरीओवेन' ही धून सुरू केली. थंडी एवढी की वाद्यांत थुंकी गोठून ती मध्येच बंद पडली. नवराबायको एकाच घोड्यावरून नदी ओलांडू बघत होते, दोघेही गोळ्या लागून पडले.

मग कस्टरने आठशेहून जास्त तट्टं गोळा करून मारली. सुऱ्याने गळे कापायला सुरुवात केली, तट्टं आवरेनात, म्हणून गोळ्या घातल्या. मला वाटतं या मोहिमांचा अर्थ त्या तट्टांच्या ढिगाऱ्यात आहे. ५३ बायकामुलं कैदी नेली, तीही वाटेत संरक्षक ढालीसारखी उपयोगी पडली.

जाणकारांनी भर घालावी.

बेडूकउडी

वाखू (वाचनखूण) साठवली आहे. रात्री सावकाश वाचते. 'मका आणि ओट्स' इथेच थबकले. लढाया तलवारीने होतात असं शाळेत वाटायचं, इथे वैरणीने झाल्या.

तात्या टोपणनाव

लेख चांगला. एक दुरुस्ती, एक भर.

दुरुस्ती : सँड क्रीकला 'लष्कर' म्हणताना जरा थांबा. खडं सैन्य तेव्हा यादवी युद्धात अडकलेलं होतं. चिव्हिंग्टनकडे मुख्यतः थर्ड कोलोरॅडो ही शंभर दिवसांच्या बोलीवर भरती केलेली स्वयंसेवकांची पलटण होती. दिवस संपत आले होते, लढाई एकही झाली नव्हती, लोक त्यांना 'ब्लडलेस थर्ड' म्हणून चिडवत होते. चिव्हिंग्टन मूळचा मेथडिस्ट पाद्री, त्यातून राजकारणात उतरायची हौस. असं सगळं जुळून आलं. वॉशिटा आणि पुढच्या मोहिमा मात्र निखळ लष्करी, वरून आखलेल्या.

भर : तुमच्या नियमाला एक अपवाद आहे. २९ जुलै १८५७, कॅन्ससातली सॉलोमन नदी. कर्नल सम्नरचे तीनेकशे घोडेस्वार आणि तेवढेच शायॅन समोरासमोर, भर उन्हाळ्यात, उघड्या मैदानात. दोन वैदूंनी शायॅनांना सांगितलं होतं की अमुक तळ्यात हात बुडवा, मग गोळी लागणार नाही. सम्नरला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने ऐनवेळी हुकूम दिला : बंदुका ठेवा, तलवारी उपसा. आता पाण्याचा तोडगा होता गोळीवर. पात्यावर तोडगाच नव्हता! बाण सोडून शायॅन पांगले. दोन्हीकडे माणसं थोडीच मेली. जखमींत एक तरणा लेफ्टनंट होता, जेब स्टुअर्ट, पुढे यादवीत दक्षिणेचा नामांकित घोडदळ सेनानी झाला तोच. आणि सम्नरने नंतर काय केलं? रिकामी वस्ती शोधून जाळली. म्हणजे अपवाद काढायला गेलो आणि तुमचाच मुद्दा निघाला.

कापूसकोंडा

तात्या, सम्नरचं हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद. सकाळच्या चहाबरोबर दोनदा वाचलं.

स्वयंसेवकांचा मुद्दा मान्य. पण त्या पहाटे फर्स्ट कोलोरॅडोचे अनुभवी सैनिकही तिथे होते, आणि त्यांच्यातच कॅप्टन सायलस सोल होता. त्याने आपल्या तुकडीला गोळी चालवायचा हुकूम दिलाच नाही. नंतर सगळं काही फोर्ट लायनचा आधीचा प्रमुख मेजर विन्कूप याला पत्रात लिहिलं, चौकशीत साक्ष दिली. १ एप्रिल १८६५ ला लग्न झालं आणि २३ तारखेला डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याला गोळी घातली. वय २६. सोलचं आणि लेफ्टनंट क्रेमरचं अशी पत्रं २००० साली एका माळ्यावरच्या पेटीत सापडली, आणि स्मारकाचा कायदा होताना उपयोगी पडली. सोलची कबर रिव्हरसाइड दफनभूमीत आहे. चिव्हिंग्टनचं काय झालं? संसदेच्या समितीने त्याची सालटी काढली, पण तोवर तो लष्करातून बाहेर पडला होता. खटला झालाच नाही.

खडूस काकू

लेख आवडला, पण एकतर्फी झालाय असं माझं प्रामाणिक मत. जून १८६४ मध्ये डेन्व्हरजवळ हंगेट नावाचं कुटुंब मारलं गेलं. नवरा, बायको, दोन चिमुरड्या. प्रेतं डेन्व्हरमध्ये लोकांना दाखवायला ठेवली होती. १८६८ च्या उन्हाळ्यात कॅन्ससात सलाइन आणि सॉलोमन नद्यांकाठच्या शेतकऱ्यांवर छापे पडले, माणसं मारली, बायकांवर अत्याचार झाले. ते वसाहतवालेही कुणी जहागीरदार नव्हते, मातीच्या ढेकळांच्या घरात राहणारे कंगाल लोक होते. त्यांच्याबद्दल एक ओळ नाही?

कापूसकोंडा

काकू, बरोबर आहे, ओळ हवी होती. छापे झाले आणि ते भयंकर होते. वॉशिटाची मोहीम १८६८ च्या छाप्यांचं उट्टं म्हणूनच निघाली, आणि ब्लॅक केटलच्या वस्तीतलेही काही तरुण छाप्यांवर जात होते. हे त्याने स्वतः हेझनपुढे कबूल केलं होतं : माझं सगळेच ऐकत नाहीत.

गोम तिथेच आहे. शायॅनांचा कारभार चव्वेचाळीस जणांच्या सभेकडे. त्यांचं काम शांतता राखणं, भांडणं मिटवणं. लढणाऱ्यांची मंडळं वेगळी. त्यातलं डॉग सोल्जर मंडळ तर स्वतंत्र टोळीसारखंच राहायचं, तहबिह त्यांना मंजूर नव्हते. सभेतला माणूस समजावू शकतो, हुकूम देऊ शकत नाही. सरकारला मात्र एक 'राजा' हवा होता, ज्याने सही केली की सगळे बांधले जातील. मग छापा घालायचा डॉग सोल्जरांनी आणि पहाट उजाडायची ब्लॅक केटलच्या दारात. तो सापडायचा, कारण तो लपत नव्हता.

डॉग सोल्जरांचा टॉल बुल ११ जुलै १८६९ ला समिट स्प्रिंग्जला मेजर कारच्या हल्ल्यात मारला गेला. (हाही उन्हाळा, तात्या! पॉनी नावाच्या दुसऱ्या टोळीचे लोक कारचे वाटाडे होते म्हणून सापडला.) तिथे दोन गोऱ्या स्त्रिया कैदेत होत्या, एक जिवंत सुटली.

चहाटळ

धागाकर्तीचं नाव कापूसकोंडा आणि विषय अमेरिकन तह, हे जमलंय. १८५१ चा तह करू? 'तह करू काय म्हणतोस, १८६१ चा तह करू?' '१८६१ चा तह करू काय म्हणतोस, १८६५ चा...' माझ्या आज्जीने सांगितलेल्या कापूसकोंड्याच्या गोष्टीला तरी कुणी मरत नव्हतं.

तात्या टोपणनाव

चहाटळराव, विनोद बाजूला, प्रत्येक फेरीत जमीन आटत गेली ते बघा. १८५१ च्या फोर्ट लॅरमी तहात प्लॅट आणि आर्कान्सा या नद्यांमधला अवाढव्य मुलूख शायॅन-अरापाहोंचा म्हणून नोंदला. १८५८ मध्ये पाइक्स पीककडे सोनं सापडल्याची हाकाटी झाली आणि डेन्व्हर नेमकं त्याच मुलखात वसलं. १८६१ च्या फोर्ट वाइज तहात त्या जमिनीचा साधारण तेरावा हिस्सा उरला, आणि सह्या मूठभर म्होरक्यांच्या. १८६७ च्या मेडिसिन लॉज तहाने दक्षिणेकडच्यांना थेट आजच्या ओक्लाहोमात ढकललं.

मारवा

मी फक्त कस्टरचं शेवटचं प्रकरण ऐकलं होतं, लिटल बिगहॉर्न, जिथे तो मारला गेला. तिथे शायॅन होते का? की फक्त सू?

कापूसकोंडा

होते की, मारवा. २५ जून १८७६ ला लाकोटांच्या (म्हणजे तू म्हणतेस त्या सूंच्या) शेजारी शायॅनांचीही वस्ती तिथे होती. पण मला त्याच्या आठवडाभर आधीची लढाई जास्त आवडते. १७ जून, रोझबड ओढा, जनरल क्रुकची फौज. त्यात एका शायॅन म्होरक्याचा, कम्स इन साइटचा, घोडा गोळी लागून कोसळला. तो उघड्यावर एकटा, पायउतार. तेवढ्यात त्याच्या बहिणीने, बफेलो काफ रोड वुमनने, गोळीबारातून घोडा घातला, त्याला मागे घेतलं आणि बाहेर काढलं. लष्करी इतिहासात ती 'रोझबडची लढाई'. शायॅन तिला म्हणतात 'जिथे मुलीने भावाला वाचवलं ती लढाई'. सेनापती, नदी, सगळं बाजूला, बहीण तेवढी नावात राहिली.

नर्मदेतला गोटा

आपल्याकडेही भिल्लांच्या बाबतीत इंग्रजांनी

नर्मदेतला गोटा

वरचा अर्धाच गेला, मोबाइलवरून टंकतोय. राहू दे. खानदेशातल्या भिल्लांवर वेगळाच धागा काढतो, इथे खिचडी नको.

तात्या टोपणनाव

लिटल बिगहॉर्नचा सूड निघाला तोही नोव्हेंबरातच. २५ तारखेला कर्नल मॅकेंझीने उत्तरेकडच्या शायॅनांचे म्होरके डल नाइफ आणि लिटल वुल्फ यांची वस्ती बिगहॉर्न डोंगराच्या कुशीत गाठली. सोबत पॉनी, शोशोनी, अगदी लाकोटा आणि थोडे शायॅन वाटाडेही. सुमारे दोनशे तंबू जाळले, सातशेच्या आसपास तट्टं नेली. तंबूंत कस्टरच्या सातव्या घोडदळाच्या वस्तू सापडल्या, एका तुकडीच्या निशाणाची तर उशीची खोळ केलेली होती.

माणसं बहुतेक निसटली, अंगावरच्या कपड्यानिशी डोंगरात. त्या रात्री अकरा तान्ही मुलं आयांच्या छातीशी गोठून मेली. उरलेल्यांपैकी काही तट्टं मारून त्यांची पोटं फाडली आणि म्हाताऱ्यांचे हातपाय आत घालून ऊब दिली. धागाकर्तीचं 'उरलेलं काम थंडी करते' हे वाक्य वाचताना मला हेच आठवत होतं.

खडूस काकू

तात्या, हे जेवताना वाचलं.

फोर्ट रॉबिन्सनचं राहिलंय. कुणी लिहितंय का?

कापूसकोंडा

लिहिते. खरं तर हे लिहायचं मी टाळत होते.

रेड फोर्कनंतर उत्तरेकडचे शायॅन १८७७ च्या वसंतात शरण आले. त्यांना वाटलं होतं उत्तरेतच ठेवतील. पाठवलं दक्षिणेला, ओक्लाहोमातल्या डार्लिंग्टनला. हजाराच्या आतबाहेर माणसं पायी-घोड्यावर निघाली, ऑगस्टमध्ये पोचली. तिथे हिवताप. कोयनेल अपुरं, शिधा अपुरा, शिकारीला बायसन उरलेले नाहीत. वर्षभर मढी उचलल्यावर सप्टेंबर १८७८ मध्ये डल नाइफ आणि लिटल वुल्फ साडेतीनशे माणसांसह घरी निघाले. घर म्हणजे मोंटाना. मध्ये तीन रेल्वेमार्ग आणि मागे-पुढे लष्कर. काकू, तुमच्या आधीच सांगते, वाटेत कॅन्ससाच्या वायव्येला त्यांच्या तरुणांनी चाळीसच्या आसपास वसाहतवाले मारले. तेही या गोष्टीत आहे.

नेब्रास्कात दोन गट झाले. लिटल वुल्फ हिवाळाभर वाळूच्या टेकड्यांत दडून राहिला. डल नाइफचे १४९ जण हिमवादळात पकडले गेले आणि फोर्ट रॉबिन्सनला लाकडी बराकीत ठेवले गेले. आधी वागणूक बरी होती. ३ जानेवारी १८७९ ला हुकूम आला : परत दक्षिणेला. डल नाइफ म्हणाला, इथेच मारा, पण जाणार नाही. कॅप्टन वेसल्सने अन्न बंद केलं, सरपण बंद केलं, शेवटी पाणीही. आत लोक खिडक्यांवरचं हिंव खरवडून चाटत होते. बाहेर गोठणबिंदूच्या खूप खाली पारा.

झडतीत बंदुका गेल्या होत्या, पण सगळ्या नाही. काही सुट्या करून फरशीच्या फळ्यांखाली ठेवलेल्या, आणि बंदुकीचा घोडा, चाप असे बारीक भाग बायकापोरांनी दागिन्यांसारखे अंगावर मिरवलेले. पोराच्या मनगटाला लोखंडाचा तुकडा बांधलेला दिसला तर कुठला पहारेकरी हटकणार? ते तुकडे ९ जानेवारीला पुन्हा जोडले गेले. रात्री दहाच्या सुमारास खिडक्या फुटल्या. चांदणं होतं, खाली बर्फ. काळ्या सावल्या त्या पांढऱ्यावर धावत सुटल्या, नेम धरायला सोपं. तहानेने काही जण व्हाइट रिव्हरपाशी पाणी प्यायला थांबले आणि तिथेच पडले. २२ जानेवारीला शेवटचे तीसेक जण अँटिलोप क्रीकजवळच्या एका खड्ड्यात घेरले गेले. एकूण साठाहून अधिक मेले.

डल नाइफ आणि त्याच्या घरचे काही जण वाचले. अठरा रात्री चालत, मोकासिनचं (पायातल्या चामडी जोड्यांचं) कातडं चावत, लाकोटांच्या पाइन रिजला पोचले. लिटल वुल्फ मार्चमध्ये शरण आला, ओळखीच्या अधिकाऱ्याला, आणि त्याच्या माणसांना मोंटानात राहू दिलं. १८८४ मध्ये टंग नदीकाठी उत्तर शायॅनांची राखीव जमीन ठरली. म्हणजे जे मागत होते तेच मिळालं, सहाएक वर्षांनी.

मारवा

आणि मेलेल्यांचं?

कापूसकोंडा

एका सामायिक खड्ड्यात पुरले. काहींच्या कवट्या आणि हाडं लष्कराच्या वैद्यकीय संग्रहालयासाठी नेली. ती १९९३ मध्ये परत मिळाली आणि मोंटानात बझ्बीला पुरली. आता दर जानेवारीत शायॅन मुलं फोर्ट रॉबिन्सनहून बझ्बीपर्यंत पाळीपाळीने धावत जातात, सुमारे ४०० मैल. ९ तारखेच्या रात्री निघतात, त्याच वेळेला, बराकीपासून.

बेडूकउडी

सगळं वाचून झालं. फरशीखालच्या बंदुका आणि पोराचं मनगट. आज झोप नाही.

चहाटळ

वर गव्हर्नर इव्हान्सचं नाव वाचून खटकत होतं काहीतरी. २०१९ मध्ये आम्ही डेन्व्हरजवळ माउंट इव्हान्सला गाडीने थेट वर गेलो होतो. तोच का हा?

कापूसकोंडा

तोच. ऑगस्ट १८६४ मध्ये त्याने जाहीरनामा काढला होता की वैरी इंडियन दिसले तर कुणीही मारा आणि त्यांची मालमत्ता ठेवून घ्या. कत्तलीनंतर त्याला राजीनामा द्यावा लागला, पण डोंगर मिळाला. सप्टेंबर २०२३ मध्ये नाव बदललं, आता माउंट ब्लू स्काय. अरापाहो स्वतःला निळ्या आभाळाचे लोक म्हणवतात आणि शायॅनांचा त्या नावाचा एक विधी आहे. चिव्हिंग्टनची पाटी मात्र मी गेले तेव्हा होती तशीच होती.

चहाटळ

आल्बमचं नाव आत्ता बदललं. लेकीच्या फोनवर लगेच दिसलं, ती विचारतेय का बदललंस. तिला धागा वाचण्याइतकं मराठी येत नाही. भांडी घासून झाली की बसून सांगतो, सम्नरच्या तळ्यापासून.